शब्बाथ शाळेत ‘तारण’ शिकवताना

चर्चच्या रविवारच्या शाळेत दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, तयारीच्या वर्गातली मुलं तेरा-चौदा वर्षांची असतात. पाप आणि तारण (देवाने केलेली पापातून सुटका) हा धडा मी त्यांना गेली एकोणीस वर्षं शिकवतेय, त्यातली पहिली पाच-सहा चुकीचा शिकवला. नव्याने वर्ग घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

सुरुवात ‘पाप म्हणजे काय?’ या प्रश्नाने करू नका. मुलं लगेच यादी देतात: चोरी, खोटं बोलणं, शिव्या. मागच्या बाकावरचा एखादा ‘गुटखा!’ ओरडून हशा मिळवतो. यादी झाली की त्यांच्या डोक्यात वही उघडते. एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य, खाली बेरीज. ही वही आपल्या बोलण्यातच आहे, त्यात मुलांचा काय दोष? पण ख्रिस्ती शिकवण वहीवर चालत नाही. म्हणून मी आधी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढते. चांगलं करायचं मनात असतं ते होत नाही आणि नको ते वाईटच हातून होतं, अशी तिथे पौलाची तक्रार आहे. मग विचारते, ‘रात्री दहाला मोबाइल ठेवायचा असं या आठवड्यात कोणी कोणी ठरवलं होतं?’ बरेच हात वर होतात. ‘आणि ठेवला कोणी?’ हात खाली. माझाही खाली असतो, तो त्यांना दिसू द्या. पाप म्हणजे आधी ही आतली ओढ, यादीतली कृत्यं त्यातून निघतात. आता त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं ‘सर्वांनी पाप केले आहे’ फळ्यावर लिहा. सर्वांत पाळकसाहेबही आले, हे मुलांना फार आवडतं.

इथे थांबून योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्या तीन ओवी वाचा. त्या वगळल्याचं फळ मी पाहिलंय. एका वर्षी पापाच्या परिणामांवर मी फार जोरात बोलले. वर्ग सुटल्यावर एक मुलगी चपला शोधता शोधता म्हणाली, ‘टीचर, मग पप्पांचा पाय माझ्यामुळे कापावा लागला का?’ मला पुढचे दोन रविवार धड शिकवता आलं नाही. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनीही असंच विचारलं होतं: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं.

पहिला माणूस आदाम, त्याचं पाप आपल्यापर्यंत कसं पोचतं, यात तासभर अडकू नका. जुना धर्मपंडित ऑगस्टीन याच्या मागे जाणाऱ्या पश्चिमेकडच्या मंडळ्या (चर्च) दोषही वारशाने येतो म्हणतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा भर मरण आणि दुबळेपण वारशाने येण्यावर असतो. एवढं सांगून पुढे चला.

आता तारण. ‘देव तारी त्याला कोण मारी’ सगळ्यांना पाठ असतं, तरी शब्द ऐकल्यावर मुलांना आठवते ती पतसंस्थेची सोनेतारण कर्जाची पाटी. आधी मी चिडायचे. मग एकदा एक मुलगी सहज म्हणाली, ‘आमच्या मम्मीच्या पाटल्या तारण आहेत,’ आणि माझा धडाच बदलला. मी विचारलं, तिजोरीतल्या पाटल्या कितीही चकचकीत असल्या तरी त्या आपणहून घरी येतील का? नाही. कोणीतरी पैसे भरून सोडवायला लागतं. पुण्य साठवून स्वतःला सोडवता येत नाही, हे इतक्या सरळ मला दहा वर्षांत सांगता आलं नव्हतं.

पाठोपाठ मत्तय 20:28 घ्या, पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो असं येशू तिथे म्हणतो, पण ‘खंडणी’ शब्दावर वर्ग फुटणार याची तयारी ठेवा. ‘टीचर, गुंड मागतात ती?’ हसू द्या. कैदी किंवा गुलाम सोडवण्यासाठी भरलेली किंमत, हा तिथला अर्थ सांगा. यावर एखादं हुशार पोर विचारतंच, ‘मग भरली कोणाला?’ त्याला गप्प करू नका. चौथ्या शतकात नीसाचा बिशप ग्रेगरी याने उत्तर दिलं, सैतानाला. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अन्सेल्मने ते खोडलं: सैतानाचं कसलं देणं? माणसाने देवाचा मान बुडवला, देणं देवाचं. ग्रेगरी असो की अन्सेल्म, उत्तर देताना दोघांचीही दमछाक झालीय. मी मुलांना सांगते, पाटल्यांचा दाखला इथवरच चालतो, पुढे ताणला की तुटतो.

मग चांगलं कशाला वागायचं, हा प्रश्न येतोच. इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठ ते दहा ओवी सलग वाचा. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, असं आठवी-नववी सांगतात; लोक नवव्या ओवीवर थांबतात आणि सत्कर्मांची दहावी राहून जाते.

शेवटची दहा मिनिटं लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीला ठेवा. वाटणी उधळून परत येणारा धाकटा मुलगा सगळ्यांना माहीत असतो, त्याला घाईने घरी आणा आणि थोरल्यापाशी रेंगाळा. इतकी वर्षं राबलो, मला साधं करडू नाही, असं म्हणणारा तो. वही त्याच्याच हातात आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतोय, आत नाचगाणं चाललंय, आणि गोष्ट तिथेच संपते. तो आत गेला का, हे मुलं दरवर्षी विचारतात. लूकने लिहिलेलं नाही, मीही सांगत नाही. घंटा झाली की सोडून द्या.