विमानतळावर नोकरी पाहिजे? मग जुन्या केसच्या बाबतीत या चुका टाळा

दारव्ह्यात बस स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आधी पोलीस भरती आणि तलाठी भरतीचीच गर्दी असायची. 2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून विमान उडायला लागलं, तेव्हापासून पोरं ग्राउंड स्टाफ, लोडर, रॅम्प (विमानं उभी राहतात ती जागा) ड्रायव्हर यांच्या जाहिराती घेऊन येतात. सगळं नीट चाललेलं असतं आणि मग तो एक रकाना येतो: आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, शिक्षा झाली आहे काय, प्रकरण प्रलंबित आहे काय?

"काका, 'नाही' लिहा ना. कोन पाह्यते?"

पाहतात. विमानतळाच्या आत काम करायचं तर प्रवेश पास लागतो आणि तो बीसीएएसच्या (विमान सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) नियमांनुसार पोलीस पडताळणी झाल्याशिवाय मिळत नाही. ती पडताळणी फिरून तुमच्याच गावाच्या ठाण्यात येते. तिथल्या नोंदीत तुमचं नाव असेल तर ते सापडतंच.

या एका शब्दापायी झालेलं सगळ्यात मोठं नुकसान मी जवळून पाहिलंय. आमच्याच तालुक्यातला एक पोरगा, वडिलांची पाच एकर कोरडवाहू. 2021 च्या दिवाळीनंतर कापसाची गाडी खाली करून मोटारसायकलनं घरी येत होता. अंधारात रस्त्याच्या कडेनं चाललेल्या म्हाताऱ्याला धक्का लागला. म्हाताऱ्याच्या हाताला खरचटलं, चार टाके पडले. ठाण्यात भादंवि (जुनं भारतीय दंड विधान) 279 आणि 337 लागलं, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत. कोर्टाच्या आवारात कुणीतरी शहाणपण शिकवलं, "गुन्हा कबूल करून टाक, हजार-दीड हजार दंड होईन, आजच्या आज मोकळा." त्यानं कबूल केलं, दंड भरला, पावती खिशात घातली. घरी येऊन आईला सांगितलं, केस मिटली.

केस मिटली नव्हती, तो दोषी ठरला होता. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. ट्रॅफिक पोलिसाच्या मशीनमधून निघालेलं चलान भरणं वेगळं आणि मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करून दंड भरणं वेगळं. पहिल्यात तडजोड होते, दुसऱ्यात दोषसिद्धी. कायद्यात शिक्षेचे जे प्रकार दिलेत, त्यात दंड हाही एक प्रकार आहे. त्यामुळे "मला शिक्षा नाही झाली, फक्त दंड झाला" हे वाक्य कागदावर टिकत नाही.

तीन वर्षांनी नागपूरला त्याची रॅम्पवरच्या कामासाठी निवड झाली. शिक्षेच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून 'नाही' टाकलं. मनात खोटेपणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. पडताळणीत ठाण्यानं गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) सकट सगळं कळवलं. कंपनीनं ऑफर मागे घेतली. कारण अपघात नव्हतं, माहिती लपवली हे होतं. बाप माझ्या दुकानात बाकावर तासभर बसून होता, हातात ते ऑफर लेटर. नागपूरची खोली घेण्यासाठी बैल विकून डिपॉझिट भरलं होतं त्यानं.

सुप्रीम कोर्टानं 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकरीबाबत हा प्रश्न सविस्तर हाताळलाय. किरकोळ प्रकरण असेल तर लपवलेलं असूनही मालक ते सोडून देऊ शकतो, पण माहिती लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं. खासगी कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये तर पडताळणीची अट आधीच छापलेली असते.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. कोर्टाचं नाव निघालं की फॉर्म बंद. आधी तालुक्याच्या कोर्टात नकलेचा अर्ज कर, निकालाची सहीशिक्क्याची नक्कल आण. मग अर्ध्या पानाचा खुलासा: तारीख, ठाणे, गु.र.नं., कलम, कोर्टाचा केस नंबर, निकाल. पाच-सहा ओळी, रडगाणं नाही. रकान्यात 'हो', आणि खुलासा सोबत. पोरं कंटाळतात, "काका, शेवटची तारीख परवा आहे." जाहिरात पंधरा दिवसांपूर्वी आली तेव्हा कुठे होता?

केस अजून चालू असेल तर कबुली द्यायच्या आधी वकिलाला एक प्रश्न विचाराच: 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडतील का? त्या कायद्याच्या कलम 12 नं दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. फॉर्ममध्ये मात्र तेही लिहायचं. 1 जुलै 2024 नंतरचा अपघात असेल तर 279 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 281 दिसेल. नाव बदललं, गांभीर्य तेच.

दारू पिऊन गाडी चालवणं ही माझ्या लेखी वेगळीच गोष्ट. पोळ्याच्या रात्री पकडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 185: पहिल्यांदा दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि प्रकरण कोर्टात. विमानात काम करणाऱ्यांना उड्डाणाआधीचे 12 तास दारू वर्ज्य असते, फुंकून तपासणी होते. तिथे हा डाग सगळ्यात वाईट दिसतो. यावर माझ्याकडे कुठलीही युक्ती नाही, आणि युक्ती विचारायला येऊही नका.

हेल्मेट, सिग्नल, ट्रिपल सीट यांचं चलान म्हणजे गुन्हेगार होणं नव्हे, उगाच घाबरू नका. पण थकवू नका, न भरलेलं चलान कोर्टात जातं. फॉर्मच्या आधी गाडीचा नंबर टाकून बघा, भरा, पावतीचा प्रिंट ठेवा.

गाडी विकली आणि टीटी (आरटीओत नव्या मालकाच्या नावावर बदल) केली नाही, तर नव्या मालकाचं चलान तुमच्याच नावावर येईल.

रॅम्पवर गाडी चालवायला तिथला वेगळा परवाना लागतो आणि तो चालू लायसन्सवरच मिळतो. लायसन्स निलंबित असेल तर आधी ते मोकळं करा.

दोन दिवसांत चारित्र्याचा दाखला काढून देणारा एजंट भेटला तर त्याला पैसे देऊ नका. बनावट दाखला हा दुसरा गुन्हा, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा.

बापांनो, सोळा वर्षांच्या पोराच्या हातात मोटारसायकल देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली तो अडकला तर त्याला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही, तुम्हाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे ती वेगळीच.

तो पोरगा गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. या वेळी नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. रकान्यात आम्ही 'हो' लिहिलं.