प्रॉस्पेक्टस असा काढा की घरी वाचला जाईल

कॉलेजचा प्रॉस्पेक्टस उघडला की आधी अध्यक्षांचा संदेश, मग प्राचार्यांचं मनोगत, मग इमारतीचा ड्रोनने काढलेला फोटो. बारावीचा निकाल घेऊन बसलेली मुलगी तोवर शेवटच्या पानावर फी शोधत असते. ही मनोगतं मागे टाका. कुणी रुसलं तर रुसू दे.

मसुदा लिहिण्याआधी प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्या क्लार्कला गाठा. पालक दरवर्षी तेच ते काय विचारतात, हे त्याला तोंडपाठ असतं. तीच तुमची अनुक्रमणिका.

पहिली पानं अभ्यासक्रमांची: विषय, जागा, पात्रता, निवड कशी होणार. इथे हात आखडू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स मिळवता येतं. पण ‘मेजर’ (मुख्य विषय), ‘मायनर’ (जोडीचा दुय्यम विषय) म्हणजे काय, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. नुसती व्याख्या देऊन भागत नाही. रसायनशास्त्र मेजर घेतलं तर मायनरला कोणते विषय मिळतील, कोणती जोडी वेळापत्रकात बसत नाही, चौथं वर्ष तुमच्याच कॉलेजात आहे की त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल, हे एका मुलाचं सगळं वेळापत्रक छापून दाखवा.

मग पैसे. पहिल्या दिवशी भरायची रक्कम आणि वर्षभराची रक्कम वेगवेगळी लिहा. परीक्षा, प्रयोगशाळा, ओळखपत्र सगळं धरून. इंजिनिअरिंगची जागा लागली की बी.एस्सी. सोडणारी मुलं दरवर्षी असतातच, त्यामुळे फी परताव्याचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम त्या वर्षीच्या तारखांसह ठळक छापा. रॅगिंगविरोधी नियम तर २००९ पासून प्रॉस्पेक्टसमध्ये पूर्ण छापणं बंधनकारक आहे.

गोव्यात एक पान प्रवासाला हवंच. काणकोणहून मडगावला किंवा सत्तरीतून म्हापशाला येणाऱ्या मुलीच्या घरी पहिला प्रश्न असतो तो संध्याकाळच्या बसचा. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, त्यानंतर कदंब (गोव्याची सरकारी बस) कुठून मिळते, हॉस्टेल आहे की नाही, एवढं सरळ लिहा. नसेल तर ‘नाही’ लिहा.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ मला कुठेही दिसलं की मी पान उलटतो. किती जण मुलाखतीला बसले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे ताळगावला गोवा विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी.ला गेले, हे आकडे द्या. नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) श्रेणी देताना ती कोणत्या वर्षी मिळाली आणि कधीपर्यंत आहे, तेही लिहा.

फोटो थोडे आणि खरे. लॅबमध्ये काम करणारी मुलं दाखवा, दीपप्रज्वलन नको.

इंग्रजीतली फी, कागदपत्रं आणि तारखा मराठी-कोंकणीतही दोन पानांत द्या. फॉर्म मुलगा भरतो, पण पैसे आईबाबांना जमवायचे असतात. पीडीएफ हलकी ठेवा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून सहज पुढे जाईल.

छपाईआधी प्रूफ दुसऱ्या गावातल्या बारावीच्या एखाद्या मुलाला द्या. पहिल्या दिवशी किती पैसे आणि कोणते कागद घेऊन यायचं, एवढंच विचारा. उत्तर मिळायला मिनिटाहून जास्त लागलं, तर ती पानं पुन्हा लावा.