घसा बरा झाला, जुलाब थांबले, तरी पुढचे काही आठवडे काय बघायचं

माझा धाकटा भाऊ ९ वर्षांचा असताना त्याला घसादुखी झाली, ताप आला, दोन दिवसांच्या गोळ्यांनी उतरला आणि पोरगं परत गल्लीत खेळायला. अडीच-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर घोटा, मग मनगट. एका दवाखान्यात सांगितलं वाढीचं दुखणं आहे, तेल लावा. घशाचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीपण सांगितलं नाही, कारण घशाचा आणि गुडघ्याचा काय संबंध असं वाटायचं. पुढे जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली आणि कळलं की हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे एक झडप, खराब झालाय, संधिवाताचा ताप म्हणजे रुमॅटिक फीव्हर. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे होतं कसं ते बघा, मग बाकीचं आपोआप लक्षात राहतं. आपल्या सोलापुरी चादरीचं घ्या, लोक नक्षी बघून ओळखतात आणि तीच नक्षी काढून बाहेरून आलेला मालपण सोलापुरी म्हणून खपतो. शरीरातल्या अँटीबॉडी आणि टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी आपली फौज, जंतूला अशाच नक्षीवरून ओळखतात, अख्खा जंतू त्यांना दिसत नाही, त्याच्या अंगावरचा छोटासा तुकडा दिसतो. घशात येणारा जो ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस जंतू आहे त्याच्या अंगावरचं एम प्रोटीन आणि आपल्या हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन यांची वीण बरीच सारखी आहे, त्यामुळे जंतूसाठी उभी राहिलेली फौज जंतू गेल्यावरही नक्षी शोधत फिरते आणि हृदय, सांधे, कधी मेंदूचा एखादा भाग धरते. ह्याला मॉलिक्युलर मिमिक्री म्हणतात, परजीवींवर काम करणाऱ्या रेमंड डेमियन यांनी १९६४ साली हा शब्द वापरला. फौज उभी राहायला वेळ लागतो म्हणून मधे दोन-तीन आठवडे सगळं छान वाटतं, आणि आपण फसतो ते इथंच.

पण घाबरून जाऊ नका, घसा दुखलेल्या फार थोड्या पोरांना हे होतं, त्यात अनुवंशिकतेचाही भाग असतो. आणि प्रत्येक ऑटोइम्यून आजार, म्हणजे आपलीच फौज आपल्यावर उलटते तो, नक्षीच्या घोळातूनच होतो असंपण सिद्ध झालेलं नाही. संधिवाताचा ताप आणि जुलाबानंतर नसांना धरणारा जीबीएस ही त्यातल्या त्यात पक्की उदाहरणं, म्हणून त्या दोघांपुरतंच सांगते.

पहिलं काम म्हणजे घरात कुणाला ताप, घसा, जुलाब झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लिहून ठेवायचं, नाव आणि काय झालं एवढंच. दोन मिनिटांचं काम आहे पण डॉक्टरला तीच तारीख हवी असते.

मग घसा. ५ ते १५ वयाचं पोरगं, अचानक घसा दुखतोय, ताप आहे, गिळताना रडतंय, मानेत गाठी लागतायत आणि सर्दी-खोकला नाही, तर स्ट्रेपचा संशय घ्यायचा आणि डॉक्टरकडे जायचं. नाक गळतंय, खोकला आहे तर बहुतेक व्हायरल असतं, त्याला अँटिबायोटिक लागत नाही, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. स्ट्रेप असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देतात, गोळ्या असतील तर पूर्ण १० दिवस, ताप दुसऱ्याच दिवशी उतरला तरी. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदय वाचवता येतं, म्हणजे उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही. एका खोलीत सहा-सात जण झोपणाऱ्या घरात, आणि आपल्याकडे कारखान्यांच्या वस्तीत अशी घरं किती आहेत, हा जंतू पटकन पसरतो, म्हणून दुसऱ्या पोराचा घसा दुखला तर त्यालापण दाखवा.

पुढचे काही आठवडे बघायचं की सांधे एकामागून एक सुजतात का, दम लागतो का, छातीत धडधडतं का. हातपाय आपोआप वाकडेतिकडे हलणं, हातातून वस्तू पडणं, अक्षर अचानक बिघडणं, हे तर काही महिन्यांनीसुद्धा येऊ शकतं आणि शाळेत पोराला उगाच मार बसतो. असं काही दिसलं की आधी पेनकिलर देऊ नका, सूज दबते आणि निदान चुकतं. डॉक्टरला घशाची तारीख सांगा आणि एएसओची रक्ततपासणी (स्ट्रेप होऊन गेला का ते कळतं), ईसीजी, इको करायचा का ते स्वतःहून विचारा.

जुलाबाचं वेगळं आहे. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कच्च्या राहिलेल्या चिकनमधून, खराब पाण्यातून येतो, त्याच्या अंगावरची साखरेची नक्षी आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या साखर लागलेल्या चरबीसारखी असते, म्हणून फौज नसांवर जाते आणि गुलियन बॅरे म्हणजे जीबीएस होतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडे रुग्ण वाढले तेव्हा सोलापुरातही सगळे हादरले होते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात दिवसेंदिवस साठवतो, तर पिण्याचं पाणी उकळून वेगळं झाकून ठेवायचं, चिकन पूर्ण शिजवायचं आणि कच्च्या चिकनची सुरी-पाट कोशिंबिरीला घ्यायचा नाही. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या आल्या, बसल्यावर उठता येईना, कमजोरी वर वर चढतेय असं वाटलं तर मालिश करत बसू नका, अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घरी येऊ नका. त्याच दिवशी सिव्हिल किंवा आयसीयू असलेल्या हॉस्पिटलला जा, कारण श्वासाचे स्नायूपण धरले जातात. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलण्याचे उपचार आहेत, लवकर केले तर चांगले लागू पडतात आणि बहुतेक लोक परत चालतात, वेळ मात्र लागतो.

ज्यांच्या घरी रुमॅटिक फीव्हर आधीच होऊन गेलाय त्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवायचं नाही, आपल्याकडे बहुतेक दर २१ दिवसांनी देतात, कारण परत घसा झाला की व्हॉल्व्ह अजून बिघडतो. घेतल्यावर थोडा वेळ तिथंच बसायचं, रिॲक्शन आली तर डॉक्टर जवळ पाहिजे. दात काढायचा असेल, बायकांना दिवस राहिले असतील तर व्हॉल्व्हचं आधी सांगायचं. माझा भाऊ आता २६ चा आहे, डॉक्टरांनी ४० पर्यंत तरी घ्यायला सांगितलंय. कॅलेंडरवर त्याच्या तारखांना लाल गोल मी करते, आणि आदल्या रात्री फोन करून आठवणपण करते.