मदत मागायला उशीर करताय? या चुका टाळा

व्यसनी माणसांच्या घरच्यांसोबत बसायला लागून मला बरीच वर्षं झाली. पहिल्या भेटीत जवळपास प्रत्येक घरातून एकच वाक्य ऐकू येतं: "तसं काही फार नव्हतं हो, कामावर जात होता की."

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. नोकरी बहुधा शेवटी जाते. त्याआधी झोप उडते, मित्र तुटतात, सकाळी हात थरथरायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दारूबद्दलची १० प्रश्नांची चाचणी आहे. नैराश्यासाठी ९ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' आहे, ती फक्त मागच्या २ आठवड्यांबद्दल विचारते. दोन्ही काही मिनिटांत होतात. त्यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जावं की नाही हा घोळ मिटतो. माझं मत विचाराल तर, चाचणी करून बघावीशी वाटली एवढं कारणही जायला पुरेसं आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. दादा रोज प्यायचा. एका रविवारी आम्ही सगळ्यांनी त्याला मधे बसवून शपथ घ्यायला लावली, बाटल्या मोरीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. "विष बाहेर पडतंय," असं म्हणत आम्ही एकमेकांना धीर दिला. त्या रात्री त्याला फिट आली. बुधवारी त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, वहिनीला तो ओळखेना. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "बंद करण्याआधी कुणाला विचारलंत?" आम्ही गप्प.

रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू उलटा जोर लावून काम करायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, २ ते ४ दिवसांत भ्रम सुरू होऊ शकतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन, हेच दिवस बहुतेक जण सुखरूप पार करतात. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यानेही त्या एकदम टाकू नयेत. "मनात आणलं तर आजच सुटेल," असं सांगणाऱ्या नातेवाइकांची मला चीड येते. थरथर कापणाऱ्या माणसाला ते मनाचा कच्चा ठरवतात.

पिणाऱ्याला जेवणातून नकळत दारू सोडवायची गोळी देऊ नका. डायसल्फिराम ही अशीच गोळी; ती पोटात असताना तो दारू प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. शिवाय हे कळल्यावर तो तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही.

नैराश्याच्या गोळ्या पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या साधारण ६ महिने किंवा जास्त चालू ठेवायला सांगतात.

जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पहिल्या भेटीला जाताना मी एक वही न्यायला सांगते: किती आणि कधी घेतली, झोप किती, चालू औषधं कोणती, आधी कधी फिट आली होती का. तोंडी सांगताना घरचे आकडे निम्म्यावर आणतात.

आणि पुन्हा प्यायला म्हणजे सगळं वाया गेलं, असं धरून चालू नका. दादा त्यानंतर दोनदा घसरला. पहिल्यांदा त्याने ते चार महिने लपवलं. दुसऱ्यांदा तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला: "परत सुरू झालंय. उद्या माझ्याबरोबर येशील का?"