आपली श्रद्धा खरी की कामापुरती, हे कसं तपासायचं

आधी एक क्लिअर करू, देवाकडे मागणं चूक नाही. सप्टेंबरात मोतमावलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला लोक मेणाचे हात, पाय, घर, बाळ घेऊन बांद्र्याची टेकडी चढतात, माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाच्या खास प्रार्थनेला गर्दी असते, आणि येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलीय, त्यामुळे नवस बोलला म्हणून कोणी खोटा होत नाही. बघायचं ते मिळाल्यावर काय करतो आणि नाही मिळालं तर काय.

मोबाईलच्या नोट्समध्ये आठवडाभर लिहा, देवाशी काय काय बोललात. मागणं किती, आभार किती, चुकलो असं किती वेळा. बहुतेकांची लिस्ट रेशनच्या यादीसारखी निघते, घाबरू नका.

मग एखादी जुनी मागणी घ्या जी पूर्ण झाली. त्यानंतर काय केलंत? बायबलमध्ये लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला परत आला एकच, तोही शमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला. आपल्याकडे शाळेच्या अॅडमिशनला फादरचं पत्र लागतं तेव्हा दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी फॅमिली जूननंतर कुठे जाते ते सगळ्यांना माहितीय.

पण नुसती हजेरी बघू नका हं. योहान ६ नीट वाचा. पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार पुरुष जेवले, दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत कफर्णहूमला पोचले आणि तो तोंडावर म्हणाला की भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून तुम्ही मला शोधताय. पुढे त्याचं बोलणं जड वाटलं तसे बरेच शिष्य निघून गेले, बारा राहिले, पेत्र म्हणाला प्रभू आम्ही कोणाकडे जाणार. भारी वाटतं, पण त्या बारांत येशूला पकडून देणारा यहूदा पण होता की! पैशांची थैली त्याच्याकडे असायची आणि तो त्यातून चोरायचा, असं योहानच पुढे सांगतो. म्हणजे टिकून राहणारा पण फायद्यासाठी टिकलेला असू शकतो.

म्हणून उलटं विचारा, विश्वासामुळे माझं काही गेलं का? कवी ना. वा. टिळकांनी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायको-मुलगा काही वर्षं दुरावले. आपलं एवढं जात नाही, पण खोटं बिल न लावल्याने चार पैसे तरी गेले का?

एकदा गुपचूप द्या. नाव नाही, पावती नाही, ग्रुपवर फोटो नाही. आठवड्याने कोणाला तरी सांगावंसं वाटतंय का बघा.

आणि जिथे 'हजार पेरा, दहा हजार घ्या' चालतं आणि देवाने काय केलं ते लोक सांगतात त्या साक्षीआधी क्यूआर कोड फिरतो तिथून सरळ उठा. शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्यासाठी पैसे पुढे केले तेव्हा पेत्राने त्याला चांगलंच झापलं होतं. प्रार्थना झाली म्हणून कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकू नका.

सगळ्यात अवघड टेस्ट दानीएल ३ मधली. मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून आगीत टाकायला निघालेल्या राजाला शद्रख, मेशख, अबेद्नगो भट्टीसमोर म्हणाले, देव सोडवेल, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. तुमच्या मोठ्यात मोठ्या मागणीच्या शेवटी 'आणि नाही दिलंस तरी' जोडून मोठ्याने बोला. जिथे शब्द अडकेल ती मागणी नोट्समध्ये वर घ्या, पाळकाशी किंवा कन्फेशनला बोलायचं ते तिच्याबद्दल. चर्च मात्र सोडू नका, येशूने त्या गर्दीला पण आधी जेवायला घातलंच होतं. आणि शेजारच्या बाकावरच्याची टेस्ट घेत बसू नका, त्याच्या नोट्स तुमच्याकडे नाहीत.