लाकडाच्या लेथचा वेग: आधी व्यास मोजा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कोरायच्या यंत्रावर, 1000 आरपीएमला (मिनिटाला 1000 फेरे) 2 इंची दांड्याची कड ताशी 10 किलोमीटरच्या आतच पळते. तेवढ्याच आरपीएमला 10 इंची वाडग्याची कड मात्र ताशी 48 किलोमीटर गाठते. म्हणून वेग आधी व्यासावरून ठरवायचा, लाकडाची जात नंतर.

इंचांतला व्यास गुणिले आरपीएम 6000 ते 9000 यावं. नवशिक्याने 6000 च धरावेत, आणि लाकूड गोल होईपर्यंत त्याच्याही निम्मे. चौकोनी ठोकळ्याचा व्यास म्हणजे त्याचा कर्ण: 3 इंची ठोकळ्याला सव्वाचार इंच. म्हणजे 1400 आरपीएम, सुरुवात 700 ला.

लेथला 1440 ची मोटर असेल, तर मोटरवर 2 इंची आणि स्पिंडलवर (लाकूड फिरवणाऱ्या दांडीवर) 4 इंची पुली लावून 720 मिळतात. स्पिंडलवर 6 इंची लावली तर 480. ओबडधोबड 10 इंची वाडग्याला हे 480 सुद्धा जास्तच. पहिलं वाडगं 6 इंचीच घ्या, आणि कोपरे करवतीने आधीच उडवा. बेल्ट बदलताना प्लग काढलेला हवा.

चालू करण्याआधी टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) घट्ट करा, लाकूड हाताने एक फेरी फिरवून टूल रेस्टला (पटाशी टेकवायच्या आडव्या पट्टीला) घासत नाही ना ते बघा, फेस शील्ड चढवा आणि लाकडाच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

हिशेब फसतो तो लांब, बारीक दांड्याला. 1 इंची, दीड फुटी दांड्याला तो 6000 सांगेल. तेवढ्या वेगाला दांडा मधे धनुष्यासारखा वाकून तुटतो. 1500 च्या वर जाऊच नका. गाठीमुळे किंवा ओलीमुळे एका अंगाला जड असलेला ठोकळाही लेथ थरथरवतो. तेव्हा लेथ दाबून धरायच्या भानगडीत न पडता थरथर थांबेपर्यंत वेग उतरवा. चीर दिसली तर तुकडा सरळ चुलीत.

वेग फारच कमी असला तर पटाशी अडखळते, तंतू कापले न जाता उपटतात. तरी वेग वाढवण्याआधी पटाशीला धार लावून बघा. दोष बहुतेकदा तिथेच असतो.

पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट काढा आणि वेग निम्मा करा, नाहीतर तापून बारीक भेगा पडतात. लाखकामाला उलट. सावंतवाडीच्या खेळण्यांवर असते तशी लाख द्यायची, तर लाखेची कांडी घर्षणाच्या उष्णतेनेच वितळावी लागते. वेग कमी पडला की ती पसरत नाही, नुसते ठिपके उमटतात.