टॅरोचं पान वाचायचं कसं? आधी नुसतं बघा

टॅरो म्हणजे भविष्य किंवा मनातलं वाचायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्यातलं पान हातात आलं की बहुतेक जण लगेच मोबाइलवर त्याचा अर्थ शोधतात. दहा मिनिटं थांबा. उदाहरणादाखल १७ क्रमांकाचं पान घेऊ, 'द स्टार'. संच शक्यतो १९०९ साली लंडनच्या रायडर या प्रकाशकाने काढला त्या धाटणीचा असू द्या. गूढविद्येवर लिहिणारे ए. ई. वेट यांच्यासाठी चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी ती चित्रं काढली. त्यातल्या आकड्यांच्या साध्या पानांवरही प्रसंग रंगवलेले आहेत, म्हणून नवख्याला तो बरा.

आता वही घ्या आणि दिसतं तेवढंच लिहा. विवस्त्र बाई, एक गुडघा जमिनीला, दुसरं पाऊल पाण्यावर. हातांत दोन सुरया. एकीचं पाणी तळ्यात, दुसरीचं जमिनीवर. आभाळात एक मोठी चांदणी, सात लहान. मागे टेकाडावर झाड, झाडावर पाखरू. यादीत 'आशा', 'शांती' असं काही आलं तर खोडा. ते चित्रात नाही, कुठेतरी ऐकलेलं आहे.

मग खटकतं काय ते शोधा. हे माझ्यापेक्षा आजीला चांगलं जमलं. पान बघून ती म्हणाली, "पानी वाया कसाले घाली ऱ्हायनी हाई बाई?" उन्हाळ्यात हंडे मोजून पाणी वापरणाऱ्या आमच्या खान्देशी घरात दुसरं काय सुचणार! पण नेम बरोबर लागला. भरल्या तळ्यात पाणी ओतायचं कशाला? बरं, जमिनीवरचं पाणी पाच धारांत फुटतं. त्यांना पाच इंद्रियं म्हणायची रूढ पद्धत आहे. तळं म्हणजे मन, जमीन म्हणजे रोजचं जगणं. म्हणजे बाई दोन्हीकडे सारखंच देते आहे, राखून काही ठेवत नाही.

शेजारची पानंही काढून बघा. १६ वा 'टॉवर', वीज पडून कोसळणारा बुरूज. त्याच्यानंतर ही उघडी, निवांत बाई येते. १४ व्या 'टेम्परन्स'मध्येही देवदूताचा एक पाय पाण्यात, एक काठावर आणि हातांत दोन पेले. पण तिथे पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात जातं, सांडत नाही. इथे सगळं सांडतं. पुस्तकातल्या अर्थापेक्षा मला हा फरक जास्त कामाचा वाटतो.

स्वतःच्या आठवणी वेगळ्या रकान्यात लिहा. मला सुरई बघून आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची घागर आठवते, पितरांच्या नावाने भरलेली, वर डांगर (खरबूज) ठेवलेली. ती स्मिथबाईंच्या मनात नव्हती, पण माझ्या वाचनात येणारच. दोन रकाने मिसळू नका, एवढंच.

प्रश्नही चित्राला झेपेल असा विचारा. 'लग्न कधी?' याला तारीख पानात सापडणार नाही. 'मी कुठे ओततोय आणि कुठे राखून ठेवतोय?' हे मात्र विचारता येतं.

पान उलटं आलं तर उलटा अर्थ पाठ करू नका, खरंच उलटं धरून बघा. तळं डोक्यावर, चांदण्या पायाखाली, आणि पाणी वर चढतंय. ते अजून आजीला दाखवलेलं नाही.